पुढच्या सीटचा पट्टा

१

मधुसूदनराव पाटोदकर सकाळी सहाला उठत, गारखेड्याच्या मैदानाला तीन चकरा मारत, येताना दुधाच्या पिशव्या आणत आणि बरोबर साडेसातला पुढच्या खोलीचं दार ओढून घेऊन विमानाला बसत. एकतीस वर्षं तंत्रनिकेतनात पोरांना ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेला माणूस. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी त्यांचं डोकं सरकायचं, आणि या घरात तर काहीच कधी रेघेवर नसे.

पुढची खोली म्हणजे पाहुण्यांची खोली. गेल्या दिवाळीपासून तिथं पाहुण्यांना मज्जाव होता. दिवाणावर जवळजवळ सहा फूट लांबीचे पंख आडवे पडलेले, खुर्च्यांवर बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, टीव्हीच्या डोक्यावर शेपटी सुकत ठेवलेली.

"तुमच्या वयाची माणसं देवदर्शनाला जातात," भानुमतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा दारातच ठेवत म्हणायच्या.

"जातात, आणि पायऱ्यांवरून पडून येतात."

विमान जुनं, टायगर मॉथ जातीचं, एकावर एक असे दोन मजली पंख असलेलं. खऱ्याच्या बरोबर एकपंचमांश. छोटं इंजिन, हातात धरायचा रिमोट, आणि ते उडायलाच हवं होतं. शोकेसमध्ये ठेवायची बाहुली मधुसूदनरावांना नको होती. उघड्या दोन जागा, एकामागं एक. वैमानिक मागं बसतो आणि उतारू पुढं, हे त्यांना निदान अकरा जणांना समजावून सांगावं लागलं होतं, आणि अकराही जणांनी "असं कसं, ड्रायव्हर पुढंच असतो" म्हणून त्यांचं डोकं खाल्लं होतं.

हा खटाटोप अनसूयाताईंसाठी होता. ताई त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी, एकाहत्तरीची. यजमान गेल्यापासून चार वर्षं इथंच. तिचं विसरणं तिथूनच सुरू झालं, पण तेही सरळ नाही. नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते तिला ठाऊक. भानुमतीला ओळखायची, कामवाल्या सरूबाईला ओळखायची. फक्त भावाला ओळखायची नाही. त्यांना ती 'मास्तर' म्हणायची, घरात भाड्यानं राहणाऱ्या भल्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं.

"मास्तर, तुम्ही जेवलात का? आमचा मधू यायचाय अजून."

"ताई, मीच मधू."

"नाही हो. मधू विमानात आहे."

रोज. दिवसातून चारदा. डॉक्टर म्हणाले, जुन्या वस्तू दाखवा, कधीकधी गाठ सुटते. मधुसूदनरावांनी मग स्वतःपुरता सरळ हिशेब मांडला. तिच्या डोळ्यांदेखत विमान वर जाईल, तिच्या डोळ्यांदेखत खाली येईल, आणि एकदाचं तिच्या डोक्यात बसेल की विमान उतरलं म्हणजे मधूही उतरला. बहिणीनं मरायच्या आत आपल्याला एकदा नावानं हाक मारावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यात काही चुकीचं नव्हतं.

२

ते खरं विमान आलं होतं १९५१ साली. पोलीस ॲक्शनला तीन वर्षं होत आलेली, लोक पुन्हा जत्रा-तमाशांना जायला लागले होते. हैदराबादेहून एक वैमानिक ते घेऊन आला, हर्सूलच्या पुढच्या माळावर उतरला आणि पैसे घेऊन हौशी लोकांना पाच-पाच मिनिटं आभाळात फिरवून आणायला लागला. चौदा वर्षांच्या अनसूयानं सहा वर्षांच्या मधूला हट्टानं बसवलं. मधुसूदनरावांना त्यातलं बसणं आठवत नव्हतं, उडणंही नाही. सहा वर्षांच्या पोराला काय आठवणार, असं ते म्हणत.

पण नेमकं तेच विमान करायचं तर त्याचा रंग हवा, अंगावरची अक्षरं हवीत, सीटची कातडी हवी. त्यांनी पत्रं लिहिली. एका गृहस्थानं कळवलं, विमान पिवळं होतं. दुसऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं, रुपेरी. तिसऱ्यानं सहा पानी उत्तर पाठवलं, त्यातली पाच पानं स्वतःच्या मधुमेहावर. सव्वा वर्ष असं गेल्यावर सिल्लोडला कडूबा नावाचा म्हातारा सापडला. त्या माळावर तो तेव्हा रोजंदारीवर होता. उतारूला बसवायचं, पट्टा बांधायचा, विमान वळताना पंखाचं टोक धरून पळायचं, हे त्याचं काम.

कडूबानं पत्र्याच्या पेटीतून फोटो काढला. मधुसूदनरावांना आनंदानं घाम फुटला. अक्षरं वाचता येत होती, पंखांमधल्या तारा मोजता येत होत्या. मागच्या जागेवर गॉगल लावलेला वैमानिक, पंखाशी तरणा कडूबा, कडेला परकर-पोलक्यातली अनसूया. पुढची जागा रिकामी.

"हा चढायच्या आधीचा ना?"

"नाय. उतरल्यावरचा. फोटुवाला उतरल्यावरच काढायचा. आधी लोकं भेदरल्याली असायची."

"फेरी कुणाची?"

"तुमचीच की. शेवटची व्हती ती. तुमची बहीण न्हाई का ही?"

मधुसूदनरावांनी चष्मा पुसला. फोटोतली सगळी माणसं कॅमेऱ्याकडं बघत होती. अनसूया वर आभाळाकडं बघत होती.

"मग मी कुठंय यात?"

"तुम्ही पल्याडून आलाव ना चालत," कडूबा विडी शिलगावत म्हणाला. "माळाच्या तिकडल्या अंगानं. म्या म्हनलं, पोरगं आधीच उडी टाकून पळालं असंल. आता पट्टा बांधला व्हता म्या, ह्या हातानं. सोडला मातर नाय म्या. पन लई गडबड व्हती तव्हा."

"म्हणजे वैमानिकानं सोडला."

"व्हय, त्यानंच सोडला असंल," कडूबा म्हणाला आणि फोटो त्यांना देऊन टाकला.

३

पट्ट्याची कटकट घरी आल्यावर सुरू झाली.

फोटो मोठा करून मधुसूदनराव कंपास घेऊन बसले. पुढच्या सीटचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटचा पट्टा लावला तर तो खाली लोळायला हवा, कापडच ते. हा लोळत नव्हता. बक्कल बंद, आणि पट्टा सीटच्या पाठीपासून आठ इंच पुढं, गोल, ताणलेला. वारा म्हणावं तर विमानाचा पंखा थांबलेला. कडक कातडं म्हणावं तर वैमानिकाचा तसलाच पट्टा त्याच्या पोटावर मऊ दुमडलेला. तीन दिवस त्यांनी भिंगातून पाहिलं, नंतर फोटोवाल्याला, त्याच्या कॅमेऱ्याला आणि एकूणच एकावन्न सालाला शिव्या घातल्या.

दुसरा कुणी असता तर त्यानं पट्टा गुंडाळून सीटवर ठेवला असता. पण प्रमाणबद्ध मॉडेल करणाऱ्यांचा एक नेम असतो, आणि ड्रॉइंगच्या मास्तराचा तर तो धर्मच असतो: फोटोत दिसतं ते करायचं, पटो न पटो. आपली अक्कल त्यात घालायची नाही. मधुसूदनरावांनी पत्र्याची बारीक पट्टी कापली, तिच्यावर कापड चढवलं, तिला फोटोतला गोल दिला आणि बक्कल चिकटवून कायमचं बंद केलं. ते उघडणारं नव्हतंच, दाखवण्यापुरतं होतं. वैमानिकाचा पुतळा मागं बसवला. पुढं कुणाला बसवलं नाही, कारण फोटोत पुढं कुणी नव्हतं.

काम मात्र सुरेख झालं होतं. त्यांनी भानुमतीबाईंना बोलावून दाखवलंसुद्धा.

"रिकामंच बांधून ठेवलंय?" त्या म्हणाल्या. "कसंतरीच दिसतंय."

"फोटोत तसंच आहे."

"असेल. पण कसंतरीच दिसतंय."

४

दुसऱ्या दिवशी वजन वाढलेलं होतं.

वजनावर मॉडेलचं सगळं अवलंबून, म्हणून मधुसूदनरावांनी किराणा दुकानात असतो तसला इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता आणि रोज सकाळी ते वजन घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत. काल चार किलो दोनशे ग्रॅम. आज चार किलो तीनशे तीस. पट्टा जेमतेम दोन ग्रॅमचा. त्यांनी काटा तपासला, साखरेची पिशवी ठेवून पाहिली, काटा बरोबर होता. लाकडानं ओल धरली म्हणावं तर मार्च महिना, हवेत ओल कसली, ओठ फुटत होते.

"यात कुणी काही ठेवलंय का?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं.

"हो, मी आणि सरूबाई मिळून धोंडे भरतो त्यात," भानुमतीबाई म्हणाल्या.

त्यांनी पंख काढून वेगळे तोलले. पंख बरोबर. शेपटी बरोबर, इंजिन बरोबर. जास्तीचा भार मधल्या धडात. बरं, तो मागं-पुढं असता तर विमानाचा तोल गेला असता, नाक तरी झुकलं असतं नाहीतर शेपूट. तोल तसाच होता. म्हणजे भार अगदी मध्यावर होता. या विमानात बरोबर मध्यावर एकच गोष्ट येते, पुढची सीट. म्हणूनच तर तिथं उतारू बसला काय, न बसला काय, विमानाला फरक पडत नाही.

नको ते गणित त्यांनी केलंच, सवयीनं. लांबी पाचपट, तर वजन पाच गुणिले पाच गुणिले पाच, सव्वाशे पट. एकशेतीस गुणिले सव्वाशे. सव्वासोळा किलो.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. सव्वासोळा किलो म्हणजे काय असतं हे आजोबा झालेल्या माणसाला कुणी सांगायला लागत नाही. मग त्यांना स्वतःचाच राग आला. चौसष्टीला टेकलेला, सायन्स शिकलेला माणूस, आणि आकडा हवा तसा वळवून घाबरतोय. सव्वासोळा किलोचं गव्हाचं पोतंही असू शकतं.

५

अनसूयाताई आता रोज त्या खोलीत येऊन बसायला लागली. पूर्वी ती विमानाकडं ढुंकून बघत नसे. आता स्टूल ओढून पुढच्या सीटशी बसायची आणि बारीक आवाजात बोलायची. मधुसूदनराव आत आले की थांबायची, मोठ्यांच्या खोलीत परका आल्यावर थांबतात तशी. एकदा तिनं उठून पंखा बंद केला.

"ताई, उकडतंय. घामानं कागद खराब होतात माझे."

"वारं लागतंय त्याला," ती म्हणाली. "वर फार वारं असतं, मास्तर."

त्यांनी पंखा लावला. तिनं बंद केला. त्यांनी पुन्हा लावला. चौथ्या वेळी त्यांनी नाद सोडला आणि घामाघूम होऊन स्वयंपाकघरात येऊन बसले.

भानुमतीबाई लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "एक विचारू? ताई भाऊबीजेला आधी चंद्राला ओवाळायच्या ना?"

"पुष्कळ घरांत तशी पद्धत आहे. आधी चंद्र, मग भाऊ."

"आहे की. पण त्या चंद्राला ओवाळताना रडायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. आणि तुम्हाला ओवाळताना तसं काही नाही. ताट फिरवलं, संपलं. माझ्या माहेरी ज्यांना भाऊ नाही ना, त्या बायका चंद्राला अशा ओवाळतात."

"पस्तीस वर्षांनी सांगतेयस मला हे?"

"पस्तीस वर्षं तुम्ही घरात विमान करत नव्हता," भानुमतीबाई म्हणाल्या आणि लसूण घेऊन ओट्याकडं वळल्या.

 मधुसूदनरावांना दुखलं होतं, आणि दुखलं की त्यांचा आवाज चढायचा. ते बरंच काही बोलले, अंधश्रद्धेवर, बायकांवर, शिकलेल्या घरातल्या बायकांवर. भानुमतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या खोलीत मात्र त्या दिवसापासून त्यांनी पाय ठेवला नाही.

६

पट्टा काढून टाकायचा, असं मधुसूदनरावांनी दुपारी ठरवलं. भीतीपोटी नव्हे. वजन वाढलंय, वजन कमी करायचंय, शास्त्रीय कारण.

ताई आत झोपली होती. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, नंतर शांत झालं. त्यांनी चिमटा घेतला, दिवा जवळ ओढला. पट्टी उपटण्याआधी ती जरा दाबून मोकळी करावी म्हणून त्यांनी उजव्या हाताचं बोट पट्ट्यावर ठेवून मागं दाबलं.

पत्रा वाकतो तेव्हा तो वाकतो, नाहीतर अडतो. हा दबला आणि हळूच परत आला. थांबला. पुन्हा दबला, आणि पुन्हा परत आला, त्यांनी जोर लावलेला नसतानाही. त्यांनी श्वास धरला. पट्टा त्यांच्या बोटाखाली पुढं येत होता, मागं जात होता, भराभर, लहान मूल धावून आल्यावर त्याचं पोट हलतं तसा.

त्यांनी बोट काढलं. पट्टा जिथल्या तिथं होता, चिकटवलेला, पत्र्याचा. स्वतःच्या बोटातली नाडी असते ती, जोरात दाबलं की जाणवते. हे कारण त्यांना लगेच सुचलं आणि ते चांगलं होतं. चिमटा मात्र त्यांनी खणात ठेवून दिला. मग सीटच्या रिकाम्या खोबणीत, पट्ट्याच्या आत, त्यांनी करंगळी घातली, कारण अर्धवट तपासणी त्यांच्या स्वभावात नव्हती. आत ऊब होती. दिव्याची असेल, म्हणून त्यांनी दिवा विझवून दहा मिनिटं वाट पाहिली आणि पुन्हा करंगळी घातली. तेव्हा त्यांना रडू आलं, आणि का आलं ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांना त्या खोबणीत जे काही होतं त्याचा हेवा वाटला होता.

आता उडवून मोकळं व्हायचं, त्यांनी ठरवलं. उडेल, उतरेल, विषय संपेल.

७

सिल्लोडजवळ कडूबाचं शेत होतं. कपाशीच्या वाळक्या पराट्या उपटून सपाट केलेलं, धावपट्टीला सोयीचं. जीप भाड्यानं केली. मागं विमान, मधल्या सीटवर दोघी बायका. आठ वाजता ऊन चढायला लागलं होतं. ताईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि वाटभर ती हसतमुख होती.

इंजिन सुरू होईना. मधुसूदनरावांनी त्याला सात-आठ वेळा झटका दिला, बोट सोलवटून घेतलं, कडूबा "जरा थांबा की" म्हणाला म्हणून त्याच्यावरही खेकसले. नवव्या झटक्याला ते धडधडलं. विमान शेतातून उड्या मारत गेलं आणि सुटलं, वर चढलं.

ते फार सुंदर उडालं. मधुसूदनरावांना एक क्षणभर काहीच आठवलं नाही, इतकं ते सुंदर होतं. त्यांनी डावीकडं वळवलं, ते वळलं. खाली घ्यावं म्हणून कळ ओढली, तर ते खाली आलं नाही. त्यांनी पुन्हा ओढली. विमान आपल्या मनानं गोल घेऊ लागलं, शेताच्या डोक्यावर, एक, दोन, तीन, आणि प्रत्येक गोल थोडा खालून. चौथ्या गोलाला ते त्यांच्या समोरून कलंडून गेलं तेव्हा पुढची जागा त्यांच्याकडं उघडी झाली. काठाच्या वर काहीतरी काळं होतं. वाऱ्यानं मागं सारलेले केस असतात तेवढं. ते वळलं, खाली बघायला.

"पुढंबी पुतळा बसवला व्हय?" कडूबानं विचारलं.

मधुसूदनराव कळ ओढतच राहिले. इंजिन बंद पडलं आणि विमान आवाज न करता उतरलं, कुणी निष्णात माणसानं उतरवावं तसं, आणि ताईपासून चार पावलांवर थांबलं.

अनसूयाताई गुडघ्यांवर बसली. तिनं पुढच्या सीटचं बक्कल सोडलं. सोडलं म्हणजे सरळ सोडलं, घाई नाही, झटापट नाही. दोन्ही हात खाली घातले आणि उचललं. उचलताना तिच्या कमरेत ओझ्याचा हिसका बसला, तो मधुसूदनरावांना स्पष्ट दिसला. तिनं काहीतरी खाली उभं केलं, स्वतःच्या पदरानं हवेतल्या हवेत पुसलं आणि उठली. मग ती जीपकडं निघाली, अगदी हळू, पावलं आखूड टाकत. उजवा हात अंगापासून जरा दूर, अर्धवट मुडपलेला. सहा वर्षांच्या पोराचा हात जिथं येतो तिथं.

भानुमतीबाई जीपमध्ये बसल्या होत्या. ताई जवळ आली तशा त्या सरकल्या, आणि एकाच्या जागी दोघं मावतील एवढी जागा केली. आपण असं का केलं ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं. त्या स्वतःच्या हातांकडं बघत बसल्या.

मधुसूदनराव धावत आले. "ताई," ते म्हणाले, "विमान उतरलं. बघितलंस ना तू? उतरलं."

"बघितलं ना," अनसूयाताई म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदाच तिचे डोळे निवळलेले होते, आणि ती त्यांना नीट ओळखत होती. कोण समजून ओळखत होती ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तिनं दोन्ही हात जोडले. "आमच्यासाठी फार केलंत तुम्ही. मी रडत होते म्हणून आलात, आणि इतकी वर्षं राहिलात. कुणी करत नाही एवढं. आता तो आलाय. आता तुम्ही तुमच्या घरी जा."

मधुसूदनरावांना राग यायला हवा होता. रोज दिवसातून चारदा येत होता तो, हुकमी. माझं घर गारखेड्यात आहे, घरपट्टी माझ्या नावावर येते, हे वाक्य त्यांच्या तोंडात तयार असायचं. त्यांनी ते शोधलं. त्यांना त्यातलं एकही अक्षर सापडलं नाही, आणि न सापडल्याचं दुःखही फारसं झालं नाही. खूप दिवस दुसऱ्याची वस्तू सांभाळली आणि ती ज्याची त्याला पोचली, एवढंच वाटलं.

"बरं," ते म्हणाले.

त्यांनी रिमोट कडूबाच्या हातात दिला आणि शेताच्या बांधावरून उन्हात चालायला सुरुवात केली. रस्ता दुसऱ्या बाजूला होता, पण घर या बाजूला आहे हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मागून एक बाई "अहो, अहो" अशा हाका मारत होती. नवऱ्याला मारत असावी, आणि तो ओ देत नाही याचं त्यांना जरा नवल वाटलं.